राणीच्या पंचांगांतील एक तारीख



मुंबईंत राणीच्या बागेशेजारीं जें वस्तुसंग्रहालय आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें, तें १८७२ सालीं उघडलें, तेव्हां त्याला व्हिक्टोरिया राणी व तिचा पति प्रिन्स आल्बर्ट यांचें नांव होतें. आल्बर्टचा पुतळा अद्यापि तेथें आहे. हा गृहस्थ मूळचा जर्मन. नाताळांत हिरवें झाड मेणबत्त्यांनीं सजविण्याची जर्मन चाल इंग्लंडच्या राजवाड्यांत त्याच्यापूर्वींच आली होती. परंतु १८४८ सालीं अशा झाडाभोंवतीं मुलांबाळांसह जमलेल्या या दांपत्याचें चित्र ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकांत छापून आलें, आणि ती चाल घरोघरीं रूढ होण्यास मोठें साहाय्य झालें.

त्याच आल्बर्टचा मृत्यु नाताळाच्या ऐन तोंडावर ओढवला. १४ डिसेंबर १८६१ च्या रात्रीं विंडसर येथें त्याचें देहावसान झालें. वैद्यांनीं विषमज्वराचें निदान केलें होतें. पुढील अभ्यासकांनीं त्याविषयीं शंका घेतली आहे. पतिपत्नी दोघेंहि ४२ वर्षांचीं होतीं. नऊ मुलांतील धाकटी अवघी ४ वर्षांची होती; आणि राणीची आई त्याच वर्षीं मार्चमध्यें निवर्तली होती. राणीला वाइट बेटावरील ऑस्बोर्नच्या वाड्यांत नेण्यांत आलें. २३ तारखेस विंडसरला अंत्यविधि झाला, त्याला ती नव्हती. दुसऱ्याच दिवशीं, नाताळाच्या पूर्वसंध्येस, बेल्जियमचे राजे असलेले आपले मामा लिओपोल्ड यांस तिनें पत्र लिहिलें. आल्बर्टच्या इच्छा व त्याचीं मतें हाच यापुढें आपला कायदा, असा त्याचा आशय होता.

आपल्याकडे घरांत मृत्यु झाला, तर त्या वर्षीं सणाला गोडधोड करीत नाहींत. दिवाळीचा फराळ आप्तेष्ट आणून देतात. वर्षश्राद्ध झालें, म्हणजे घर पुन्हां सणावाराला लागतें. शोकाला रूढीनेंच मर्यादा घातलेली असते. राणीनें अशी मर्यादा मानली नाहीं. आल्बर्टच्या खोल्या होत्या तशाच ठेवण्यांत आल्या. रोज त्याचे कपडे काढून ठेवीत, ऊन पाणी आणून ठेवीत. शोकाचीं काळीं वस्त्रें तिनें अखेरपर्यंत सोडलीं नाहींत. पार्लमेंटचें अधिवेशन उघडण्यास ती १८६६ पर्यंत गेली नाहीं, तेव्हां प्रजाहि कुरकुरूं लागली.

परंतु १४ डिसेंबर ही तारीख दरवर्षीं येतच राहिली, आणि ती नेहमीं एकच निरोप घेऊन आली नाहीं. थोरल्या मुलाच्या, एडवर्डच्या, वर्तनामुळेंच बापानें हाय खाल्ली, असें राणीच्या मनानें घेतलें होतें. १८७१ च्या अखेरीस तोच एडवर्ड विषमज्वरानें अंथरुणास खिळला. १४ तारीख जवळ येतांच सर्वांचा धीर सुटला; पण नेमका त्याच दिवशीं दुखण्यास उतार पडला. २७ फेब्रुवारी १८७२ रोजीं लंडनच्या सेंट पॉल मंदिरांत मायलेकांनीं ईश्वराचे आभार मानले. सात वर्षांनीं तीच तारीख उलटली. बापाची अखेरची शुश्रूषा करणारी कन्या ॲलिस डार्मस्टाट येथें घटसर्पानें आजारी पडली. तिची धाकटी मुलगी त्याच रोगानें महिन्यापूर्वीं गेली होती. १४ डिसेंबर १८७८ रोजीं, वयाच्या ३५ व्या वर्षीं, ॲलिसहि गेली.

पुढें १८९५ सालीं त्याच तारखेस राणीला पणतू झाला. अशा दिवशीं मूल जन्मलें, म्हणून घरचीं माणसें संकोचलीं. मुलाचें नांव आल्बर्ट ठेवण्यांत आलें, आणि पणजीनें त्याला आल्बर्टचा अर्धपुतळा भेट दिला. १९३६ सालीं सहावा जॉर्ज म्हणून गादीवर आलेला, हिंदुस्थानचा शेवटचा बादशहा, तो हाच.

राणीचा शोक त्यामुळें सरला नाहीं. १९०१ सालीं तिलाहि फ्रॉगमोर येथें आल्बर्टशेजारींच चिरविश्रांति मिळाली. तरी पतीच्या मृत्यूचा दिवस तिनें शेवटीं एका तान्ह्या मुलाला वाढदिवस म्हणून घेऊं दिला. ऐन सणाच्या दिवसांत ज्यांच्या घरचें माणूस गेलें आहे, त्यांना या इतिहासाचा उपयोग एवढाच. त्या दिवसाची आठवण पुसून टाकावी लागत नाहीं. घरांत दुसऱ्या कोणाचें कांहीं शुभ त्याच दिवशीं घडलें, तर त्यालाहि तो दिवस मोकळ्या मनानें द्यावा.