पगार सोडण्याचीही मुभा नाही : ॲलेक्स रॉड्रिगेझ, २५ कोटी डॉलरांचा करार आणि मोडलेला सौदा

१/
डिसेंबर २००३. अमेरिकी बेसबॉलमधील सर्वांत महागडा खेळाडू ॲलेक्स रॉड्रिगेझ संघ बदलण्यासाठी आपल्या पगारातील कोट्यवधी डॉलरांवर पाणी सोडायला तयार होता. त्याला देणारा संघ राजी होता, घेणारा संघही राजी होता. सौदा मोडला तो खेळाडूंच्याच संघटनेने. मालकाला पगार कापू न देणे हे संघटनेचे कामच. पण स्वखुशीने पगार सोडू पाहणाऱ्या सभासदाला तिने का अडवावे? उत्तरासाठी शतकभर मागे जावे लागते.

२/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकी बेसबॉलमध्ये 'राखीव कलम' लागू होते. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राही. संघ त्याला ठेवू शके, विकू शके किंवा दुसऱ्या खेळाडूच्या बदल्यात देऊ शके. खेळाडूला मात्र स्वतःहून दुसरीकडे जाता येत नसे. डिसेंबर १९१९ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सने बेब रूथ याला १ लाख डॉलरांना न्यूयॉर्क यँकीजला विकले. बॉस्टनने १९१८ मध्ये जिंकलेले अजिंक्यपद पुढे कित्येक दशके परत आले नाही. त्या दुष्काळाला लोकांनी रूथच्या टोपणनावावरून 'बँबिनोचा शाप' म्हटले.

३/
या व्यवस्थेला न्यायालयात खेचणारा खेळाडू म्हणजे कर्ट फ्लड. सेंट लुईस कार्डिनल्सकडून तो बारा हंगाम खेळला आणि दोनदा विश्वविजेत्या संघात होता. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देण्यात आले. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणाऱ्या या कृष्णवर्णीय खेळाडूने जाण्यास नकार दिला. आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, असे त्याने २४ डिसेंबर १९६९ रोजी बेसबॉलच्या आयुक्तांना पत्राने कळवले आणि दावा दाखल केला. मार्व्हिन मिलर यांच्या नेतृत्वाखालील खेळाडू संघटनेने त्याच्या खटल्याचा भार उचलला.

४/
१९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लडविरुद्ध निकाल दिला. त्याची कारकीर्द तोवर संपली होती. त्याने पेरलेले मात्र उगवले. १९७३ च्या सामूहिक करारात नवा नियम आला : दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यांतील शेवटची पाच वर्षे एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय दुसरीकडे देता येणार नाही. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर सायट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूने निवाडा दिला आणि राखीव कलमाचा पायाच उखडला गेला. त्यानंतर ठरावीक वर्षे खेळलेला खेळाडू मोकळा होऊन आपली बोली लावू शकू लागला.

५/
या मोकळ्या बाजाराचे टोक डिसेंबर २००० मध्ये दिसले. टेक्सस रेंजर्सने पंचवीस वर्षांच्या रॉड्रिगेझशी १० वर्षांसाठी २५ कोटी २० लाख डॉलरांचा करार केला. त्याआधीचा गाजलेला उच्चांक बास्केटबॉलपटू केविन गार्नेट याच्या १२ कोटी ६० लाख डॉलरांचा होता. हा आकडा त्याच्या नेमका दुप्पट होता. रेंजर्सचे मालक टॉम हिक्स यांनी १९९८ मध्ये अख्खा संघ २५ कोटी डॉलरांना घेतला होता. म्हणजे एका खेळाडूचा करार संघाच्या खरेदी-किमतीहून २० लाखांनी अधिक भरला.

६/
रॉड्रिगेझने मैदानावर धावांचा पाऊस पाडला. २००१, २००२ आणि २००३ या हंगामांत त्याने अनुक्रमे ५२, ५७ आणि ४७ होम रन मारले. २००३ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडूही ठरला. (या तीन हंगामांत उत्तेजके घेतल्याची कबुली त्याने २००९ मध्ये दिली.) तरीही रेंजर्स तिन्ही वर्षी आपल्या गटात तळाला राहिले. बेसबॉलमध्ये एक फलंदाज, कितीही मोठा असला तरी, नऊ जणांच्या क्रमात आपली पाळी आल्यावरच खेळतो आणि गोलंदाजाची उणीव भरून काढू शकत नाही. हिक्स यांना आता हा करार हातावेगळा करायचा होता.

७/
येथे सौद्याची रीत समजून घेणे आवश्यक आहे. बेसबॉलचे असे करार हमीचे असतात : खेळाडू दुखापतग्रस्त झाला, त्याची लय हरपली, तरी पैसे द्यावेच लागतात. खेळाडू दुसऱ्या संघात गेला की करारही त्याच्यासोबत जातो. त्यामुळे मोठ्या खेळाडूची देवघेव ही प्रत्यक्षात एका कर्जाचीही देवघेव असते. बाजाराला त्या खेळाची किंमत कराराहून कमी वाटत असेल, तर मधली तूट कोणी तरी सोसावी लागते. खरा वाद त्या तुटीचाच असतो.

८/
याचा सर्वांत बोलका दाखला बॉस्टनमध्ये घडला. मॅनी रामिरेझ हा त्या काळातील एक अव्वल फलंदाज. पण त्याचा करार ८ वर्षांचा आणि १६ कोटी डॉलरांचा. २००३ चा हंगाम संपताच रेड सॉक्सने त्याला सर्व संघांसाठी खुले केले. अट एकच : जो घेईल त्याने उरलेला करार पूर्ण निभवावा, बदल्यात काहीही देऊ नये. उरलेल्या २९ संघांपैकी एकानेही हात पुढे केला नाही. उत्तम खेळाडू फुकट मिळत होता, पण त्याच्या पाठीवरचे ओझे कोणालाच नको होते.

९/
मग दोन अडलेल्या संघांनी एकमेकांकडे पाहिले. रॉड्रिगेझ बॉस्टनला यावा. रामिरेझ आणि एकोणीस वर्षांचा होतकरू गोलंदाज जॉन लेस्टर टेक्ससला जावेत. रॉड्रिगेझचा उरलेला करार रामिरेझच्या कराराहून बराच मोठा होता. ही तूट रॉड्रिगेझने स्वतः भरावी, म्हणजे पगारात पावणेतीन-तीन कोटी डॉलरांच्या घरात कपात स्वीकारावी, अशी बॉस्टनची मागणी होती. मोबदल्यात त्याला करारातून लवकर बाहेर पडण्याची मुभा आणि जाहिरातविषयक काही हक्क मिळणार होते. तळाच्या संघातून सुटण्यासाठी तो तयार झाला.

१०/
संघटनेच्या वतीने जीन ओर्झा यांनी नकार कळवला. सामूहिक कराराप्रमाणे कोणत्याही वैयक्तिक करारातील बदलाने खेळाडूचे हित वाढले पाहिजे. देऊ केलेल्या सवलती एवढ्या मोठ्या कपातीच्या तोडीच्या नाहीत, असा तिचा निष्कर्ष होता. संघटनेने त्याहून बरीच लहान कपात सुचवली. ती बॉस्टनला पुरेशी वाटली नाही. रॉड्रिगेझनेही संघटनेच्या चौकटीबाहेर न जाण्याची भूमिका घेतली आणि सौदा बारगळला.

११/
या नकारामागचा विचार कठोर, पण सरळ होता. सर्वांत श्रीमंत खेळाडूने पगार सोडला तर त्याचे फारसे बिघडत नाही. पण तोच पायंडा पडला, की उद्या प्रत्येक मालक मधल्या फळीतील खेळाडूला सांगणार : 'चांगल्या संघात जायचे आहे ना? मग काही पैसे सोड.' 'स्वखुशी' या शब्दाआड दडपण लपवणे तेव्हा सहज शक्य होईल. हमीचा करार ही रॉड्रिगेझची खासगी मालमत्ता असली, तरी हमी ही सर्वांची सामायिक कमाई होती. ती मिळवताना फ्लडने आपले खेळणे गमावले होते. जो मालक सही करतो, त्यानेच तिची किंमत मोजावी, हे तत्त्व संघटनेने राखले.

१२/
पुढचे वळण एका गुडघ्याने घेतले. ऑक्टोबर २००३ मध्ये यँकीजच्या ॲरन बूनने होम रन मारून बॉस्टनला स्पर्धेबाहेर काढले होते. जानेवारी २००४ मध्ये हाच बून हौसेने बास्केटबॉल खेळताना जायबंदी झाला आणि यँकीजची तिसऱ्या बेसची जागा रिकामी पडली. रेंजर्सने जानेवारीच्या अखेरीस रॉड्रिगेझला कर्णधारपद देऊन मनोमीलनाचा देखावा केला होता; त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांतच तो न्यूयॉर्कला गेला.

१३/
१६ फेब्रुवारी २००४ रोजी आयुक्त बड सीलिग यांनी या सौद्याला मान्यता दिली. टेक्ससला अल्फोन्सो सोरियानो आणि एक नवोदित खेळाडू मिळाला. रॉड्रिगेझच्या कराराचे १७ कोटी ९० लाख डॉलर उरले होते. त्यांतील ६ कोटी ७० लाख टेक्ससने भरायचे आणि ११ कोटी २० लाख यँकीजने, असे ठरले. यावेळी तूट खेळाडूच्या खिशातून गेली नाही, सही करणाऱ्या मालकाच्या खिशातून गेली. तीन हंगामांच्या खेळासाठी टेक्ससचा एकूण खर्च १४ कोटी डॉलरांवर पोहोचला. रॉड्रिगेझने मात्र एक गोष्ट सोडली : डेरेक जीटरसाठी शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाची, आपली हक्काची जागा.

१४/
इतिहासाने हिशेब मात्र उलटा मांडला. रॉड्रिगेझविना रेंजर्सने २००४ मध्ये ८९ सामने जिंकले. आदल्या वर्षी ७१ जिंकले होते. बॉस्टनने यँकीजविरुद्ध ०–३ अशा पिछाडीवरून मालिका खेचून आणली आणि ८६ वर्षांनी विश्वविजेतेपद मिळवले. अंतिम मालिकेचा मानकरी ठरला मॅनी रामिरेझ, ज्याला वर्षभरापूर्वी कोणी फुकटही घेत नव्हते. जॉन लेस्टरने कर्करोगावर मात करून २००७ च्या अंतिम मालिकेतील निर्णायक सामना बॉस्टनला जिंकून दिला. यँकीजला रॉड्रिगेझसह विजेतेपद मिळाले ते २००९ मध्ये.

१५/
हिक्स यांची सही मात्र पाठ सोडत नव्हती. मे २०१० मध्ये रेंजर्स संघाने दिवाळखोरीचा अर्ज केला. विनातारण धनकोंच्या यादीत सर्वांत वरचे नाव रॉड्रिगेझचे होते : पुढे ढकललेल्या पगारापोटी सुमारे २ कोटी ४९ लाख डॉलर. संघ सोडून सहा वर्षे उलटलेला खेळाडू त्या संघाचा सर्वांत मोठा विनातारण सावकार ठरला होता.

१६/
२००४ मध्ये दिसलेली रीत पुढेही कायम राहिली. डिसेंबर २०१७ मध्ये मायामी मार्लिन्सने जियानकार्लो स्टँटनला यँकीजकडे सोपवले. त्याच्या कराराचे २९ कोटी ५० लाख डॉलर उरले होते. तुटीपोटी ३ कोटी डॉलर मायामीने देऊ केले. मायामीचा कारभार तेव्हा पाहत होता डेरेक जीटर. स्टँटनच्या करारात संमतीविना हलवले न जाण्याचे कलम होते. त्याच्या बळावर त्याने आधी दोन संघ नाकारले. त्यांतील एक होता सेंट लुईस कार्डिनल्स, १९६९ मध्ये कर्ट फ्लडला न विचारता दुसऱ्याच्या हवाली करणारा संघ.

(समाप्त)