सरकीच्या ढेपेचा ताप
१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हापासून या परिसरात कापसाचा व्यापार वाढत गेला व शेतकरी भिजवून बैलांना घालत ती सरकी हळूहळू तेलगिरण्यांकडे वळली. तेलघाण्यात दाण्याला फारसा ताप लागत नाही. एक्सपेलरमध्ये, म्हणजे फिरत्या स्क्रूच्या दाबाने तेल काढणाऱ्या यंत्रात, वाफेवर शिजवलेली सरकी घर्षणाने आणखी तापते. रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी हा ताप निर्णायक ठरतो, कारण कच्च्या सरकीतील बरीच प्रथिने पोटाच्या पहिल्या कप्प्यातील, म्हणजे रुमेनमधील, सूक्ष्मजीव फोडून त्यांचा अमोनिया करतात, तर बेताच्या तापाने घट्ट झालेली प्रथिने तेथून निसटून लहान आतड्यात पचतात. त्यांनाच बायपास प्रथिने म्हणतात. सरकीतील गॉसिपॉल हे विषारी द्रव्यही तापाने बरेचसे बांधले जाते. मात्र तेल काढून उरलेली ढेप करपून गडद तपकिरी झाली, की शर्करा आणि लायसिन हे अमिनो आम्ल यांची गाठ इतकी पक्की बसते, की ते प्रथिन आतड्यातही न पचता शेणावाटे निघून जाते. नुसता नायट्रोजन मोजून काढलेल्या प्रथिनांच्या टक्केवारीत हे नुकसान दिसत नाही. म्हणून गोपालकांनी पोत्यावरील आकड्याबरोबर ढेपेचा रंग आणि वासही अवश्य तपासावा.