खाली मान घालून

काही वर्षांपूर्वी एका मासिकासाठी मी ब्रिटिश संगीतावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणत होते. काम सरळ होतं. अडलं ते एका शब्दापाशी : शूगेझ. शब्दशः अर्थ घेतला तर बुटांकडे एकटक पाहणं. १९९०च्या आसपास इंग्लंडात गिटारच्या प्रचंड गदारोळाखाली हळू आवाजात गाणारे काही बँड पुढे आले. मंचावर ते श्रोत्यांकडे न बघता जमिनीकडे बघत, म्हणून हे नाव. मी 'बूटपाहू' लिहून खोडलं. 'पादत्राणदर्शी' लिहून स्वतःच हसले. शेवटी शब्द देवनागरीत तसाच ठेवला आणि पुढे स्पष्टीकरणाची ओळ जोडली : 'शब्दांना फारसं महत्त्व न देणारं, केवळ आवाजात रमणारं संगीत.' लेख छापून आला, कोणाची तक्रार आली नाही. पण ती ओळ चुकीची होती. ती का चुकीची होती हे सांगायचं तर या संगीताची हकीकतच सांगावी लागेल.

आधी माझ्या कानाबद्दल. आमच्या घरात गाणं म्हणजे शब्द. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' झालं. ते ऐकलेल्या पिढीने माझ्या आईला गाणं ऐकायला शिकवलं आणि आईने मला. गायकाला तिची सर्वांत मोठी दाद एकच : 'एकेक अक्षर कळतं हो.' हा कान घेऊन मी तुलनात्मक साहित्यात एम.ए. करायला हैदराबादला गेले. तिथे वसतिगृहात शिलाँगच्या एका मैत्रिणीने मला एक सीडी लावून दिली. गिटारचे सूर पाण्यात हलणाऱ्या सावलीसारखे डळमळत होते आणि त्यांच्या मागे कुठेतरी एक बाई गात होती. मला वाटलं, यंत्र बिघडलंय. मैत्रीण म्हणाली, असंच आहे ते. ती काय म्हणतेय, असं मी विचारलं. 'आमच्या घरात पाच वर्षं वाजतंय,' ती म्हणाली, 'अजून कळलेलं नाही.' ती सीडी होती माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडची 'लव्हलेस'.

या गदारोळाची सुरुवात स्कॉटलंडमधून पाहावी लागते. ईस्ट किलब्राइड गावातल्या जिम आणि विल्यम रीड या भावांच्या जीझस अँड मेरी चेन या बँडने १९८४च्या नोव्हेंबरात पहिली रेकॉर्ड काढली आणि वर्षभराने 'सायकोकँडी'. चाली साठच्या दशकातल्या पॉप गाण्यांसारख्या गोड, त्यांच्यावर फीडबॅकचा कर्कश थर. गिटार अॅम्प्लिफायरच्या जवळ नेली की तिचाच आवाज तिच्यात परत शिरतो आणि किंचाळी निघते. ती टाळणं हे ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याचं काम. या भावांनी ती मुद्दाम ठेवली. श्रोत्यांकडे पाठ करून ते वीसेक मिनिटांत वाजवणं आटपत. १५ मार्च १९८५ रोजी नॉर्थ लंडन पॉलिटेक्निकमध्ये चिडलेल्या श्रोत्यांनी मंचावरच्या सामानाची मोडतोड केली.

त्याच सुमारास स्कॉटलंडच्याच ग्रेंजमाउथ गावचा कॉक्टो ट्विन्स हा बँड दुसऱ्या टोकाकडून येत होता. रॉबिन गथ्रीची गिटार धुक्यासारखी पसरत जाई आणि एलिझाबेथ फ्रेझर अशा शब्दांत गात की तिथल्या लोकांनाही भाषा ओळखू येईना. त्यांनी पुढे सांगितलं की आपल्याला न कळणाऱ्या भाषांच्या पुस्तकांतून आणि शब्दकोशांतून त्या शब्द उचलत. गाईपर्यंत त्या शब्दांना अर्थ नसे. शब्दकोश मीही रोज उघडते, पण बरोबर उलट्या कारणासाठी. त्यामुळे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थोडा रागच आला होता.

तिसरा प्रवाह अगदी मवाळ. १९८६ साली 'एनएमई' या साप्ताहिकाने 'सी-८६' नावाची २२ गाण्यांची कॅसेट काढली. छोट्या कंपन्यांसाठी वाजवणारे, नेमकी तालीम नसलेले, लाजरे बँड त्यावर होते. त्यातून इंडी-पॉप हा शब्द रुळला. पुढच्या वर्षी ब्रिस्टलमध्ये क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स यांनी सारा रेकॉर्ड्स सुरू केली. प्रत्येक रेकॉर्डला क्रमांक देत त्यांनी १९९५ साली शंभराव्या क्रमांकावर कंपनी स्वतःहून बंद केली. माय ब्लडी व्हॅलेंटाइनही १९८७ साली असलीच गोड, झणकारती गाणी करत होता. म्हणजे ज्याला पुढे गोंगाट म्हटलं गेलं, त्याच्या तळाशी हा संकोची गोडवा आधीपासून होता.

माय ब्लडी व्हॅलेंटाइन सुरू झाला १९८३ साली डब्लिनमध्ये. केव्हिन शिल्ड्स गिटारवर, कोलम ओ कीसोग ड्रमवर. पुढे बेसवर डेबी गूज आणि १९८७मध्ये गायन-गिटारसाठी बिलिंडा बुचर आल्या. शिल्ड्सची युक्ती वर्णन करायला सोपी आहे. काही गिटारींना एक धातूची दांडी असते. ती दाबली की सगळ्या तारा एकदम ढिल्या होतात आणि सूर खाली घसरतो. बहुतेक वादक ती अधूनमधून शोभेपुरती वापरतात. शिल्ड्स ती मुठीत धरूनच तारा छेडत राहिले. सतारीवर एक तार ओढून मींड निघते. इथे सहाही तारांची मींड अखंड चालते, आणि सूर नेमका कुठे आहे ते कानाला ठरवता येत नाही.

'लव्हलेस'चं काम फेब्रुवारी १९८९ ते सप्टेंबर १९९१ चाललं, १९ स्टुडिओंमध्ये. अडीच लाख पौंड खर्च झाला आणि क्रिएशन ही लहान कंपनी बुडायला आली, असं म्हटलं जातं. शिल्ड्सना तो आकडा कधी मान्य झाला नाही. गिटारींचे शेकडो थर असावेत असं ऐकणाऱ्याला वाटतं. शिल्ड्स सांगत आले की थर फार नव्हते, सगळं काम त्या दांडीचं आणि आवाजाच्या जडणघडणीचं. ओ कीसोग आजारी होते, म्हणून बहुतेक ड्रम त्यांच्याच वादनाचे तुकडे जोडून बांधले. गाणं ध्वनिमुद्रित करायला आपल्याला पुष्कळदा झोपेतून उठवलं जाई, असं बुचर यांनी सांगितलं आहे. आवाजातला तो पेंगुळलेपणा खरा आहे. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की शब्दांवर दोघांनी रात्ररात्र मेहनत घेतली होती. जे ऐकूच येणार नव्हतं त्यावर.

रेकॉर्ड आणि प्रत्यक्ष मैफल यांत मात्र मोठं अंतर होतं. रेकॉर्डचा आवाज कमी करता येतो. मैफलीत 'यू मेड मी रिअलाइज' या १९८८च्या गाण्याच्या मध्यावर चौघं एकाच स्वरपुंजावर थांबत आणि मिनिटामागून मिनिटं तोच गदारोळ वाढवत नेत. २००८ साली बँड पुन्हा एकत्र आला तेव्हा दारातच श्रोत्यांना कानात घालायचे बोळे वाटले गेले. शिल्ड्सना स्वतःला कानात सतत आवाज होण्याचा त्रास आहे. मी ही मैफल ऐकलेली नाही, आणि वयाची पंचेचाळिशी जवळ आल्यावर तशी इच्छाही उरलेली नाही.

आता नावाची गोष्ट. त्या काळी इंग्लंडात संगीताची तीन साप्ताहिकं होती : 'एनएमई', 'मेलडी मेकर' आणि 'साउंड्स'. दर आठवड्याला पानं भरायची म्हणजे दर आठवड्याला नवी टूम हवी. ऑक्सफर्डचा राइड, रेडिंगचे स्लोडाइव्ह आणि चॅप्टरहाउस, लंडनचा लश हे बँड एकमेकांच्या मैफलींना हजर राहत, म्हणून 'मेलडी मेकर'मधून त्यांना आत्मकौतुकी कंपू ठरवणारं एक नाव मिळालं. दुसरं नाव शूगेझ. त्याचा उगम असा सांगतात : 'साउंड्स'मध्ये मूस नावाच्या नव्या बँडच्या मैफलीचं परीक्षण आलं. त्या मैफलीत गायक रसेल येट्स यांनी गाण्याचे शब्द कागदावर लिहून जमिनीला चिकटवले होते आणि ते खाली बघून वाचत गात होते.

हे कळलं तेव्हा मी माझ्या जुन्या ओळीकडे परत गेले. शब्दांना महत्त्व न देणारं संगीत, असं मी लिहिलं होतं. त्याचं बारसं झालं होतं शब्द वाचणाऱ्या माणसावरून! पुढे नाव इतरांना चिकटलं तेव्हा कारण वेगळं होतं. त्यांच्या पायाशी पेडलांची रांग असे. आवाज घुमवायचा, लांबवायचा, फाडायचा, तर प्रत्येक पेडल नेमक्या क्षणी पायाने दाबायचं. शिलाई मशीनवर बसलेल्या माणसाची नजर सुईवर असते आणि पाय खाली चालू असतो. तो गिऱ्हाइकाकडे बघत नाही म्हणून त्याला कोणी हिणवत नाही.

इथे मात्र हिणवलं गेलं. 'लव्हलेस' ४ नोव्हेंबर १९९१ला आली, त्याच्या सहा आठवडे आधी अमेरिकेतून निर्वाणाची 'नेव्हरमाइंड' आली होती. लवकरच साप्ताहिकांना मान वर करून ओरडणारे लोक हवे झाले, आणि त्यानंतर ब्रिटपॉपचे छाती काढून चालणारे. माय ब्लडी व्हॅलेंटाइनला क्रिएशनने सोडलं. १९९२मध्ये कंपनीचा निम्मा हिस्सा सोनीने घेतला, १९९३मध्ये तिथे ओएसिस आला. त्याच वर्षी स्लोडाइव्हची 'सूवलाकी' आली. तिच्यात ब्रायन ईनो यांचाही हात होता. एका परीक्षकाने लिहिलं की ही पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या टबात गुदमरून मेलेलं बरं. रेचल गॉसवेल आणि नील हॉलस्टेड तेव्हा विशीच्या सुरुवातीला होते. १९९५ साली 'पिग्मॅलियन' आली आणि पाठोपाठ क्रिएशनने त्यांनाही निरोप दिला.

संगीत वाईट होतं म्हणून हे झालं, असं म्हणता येणार नाही. तेच संगीत पुढे डोक्यावर घेतलं गेलं. बाजार बदलला हे खरं. पण त्या नावानेही काम केलं. एका शब्दात मुद्रा, स्वभाव आणि निकाल तिन्ही आले, मग ऐकायची गरज उरली नाही. मी या धंद्यात आहे, म्हणून मला हे टोचतं. एखाद्या गोष्टीसाठी आपण जो शब्द निवडतो त्यात ती गोष्ट ऐकली जाणार की नाही हेही ठरत असतं. मीही तेच केलं होतं : हिणवणारा शब्द सौम्य करून, विद्वत्तेच्या सुरात, पुढे पाठवला.

२००३ साली सोफिया कोपोला यांचा 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' आला. भाषांतरात हरवलेलं, असं शीर्षक म्हटल्यावर आमच्या वर्गातले सगळेच बघायला बसले. त्यात शिल्ड्सनी नव्याने रचलेलं संगीत आहे आणि 'लव्हलेस'मधलं एक गाणंही. शेवटी टोकियोच्या गर्दीत तो प्रौढ पुरुष त्या तरुण बाईच्या कानात काहीतरी सांगतो. प्रेक्षकाला ते ऐकू येत नाही. मग 'सायकोकँडी'मधलं पहिलं गाणं सुरू होतं. त्याने काहीच सांगितलं नाही, असं कोणी म्हणणार नाही. शब्द आहेत. ते आपल्यासाठी मोठ्याने म्हटलेले नाहीत, एवढंच.

आपल्याकडे हे नवं आहे असंही नाही. विलंबित ख्यालात बंदिशीच्या दोन ओळी अर्धा तास विरघळत राहतात. तिथे शब्द नसतात, असं आपण म्हणत नाही. ते नसतील तर आलाप टेकणार कशावर? गंमत म्हणजे आईला ख्याल आवडतो. अक्षर न् अक्षर कळण्याचा आग्रह ती तिथे धरत नाही, हे तिच्याही लक्षात आलेलं नव्हतं.

स्लोडाइव्ह २०१४ साली परत वाजवू लागला. २०१७मध्ये त्यांची नवी रेकॉर्ड आली, २०२३मध्ये आणखी एक. समोर निम्मे श्रोते असे असतात की 'सूवलाकी' आली तेव्हा ते जन्मलेही नव्हते. 'साउंड्स' १९९१मध्येच बंद पडलं, 'मेलडी मेकर' २०००मध्ये, 'एनएमई'ची साप्ताहिक छापील आवृत्ती २०१८मध्ये. शब्द मात्र उरला, आणि आता तरुण बँड तो स्वतःहून लावून घेतात. २०१७ची ती रेकॉर्ड मी एकदा आईला ऐकवली. तिने डोळे मिटून एक गाणं पूर्ण ऐकलं. 'आतल्या खोलीत कोणीतरी गातंय,' ती म्हणाली. 'दार लावलंय, पण कडी नाही घातलेली.'

तो जुना लेख आता एका संग्रहात येतो आहे. पानं तपासायला आली तेव्हा मी माझ्या ओळीपाशी थांबले. मराठीत खाली मान घालण्याचे दोन अर्थ होतात. एक, शरमेनं. दुसरा, कोणी काहीही म्हटलं तरी आपलं काम करत राहणं. इंग्रजी साप्ताहिकांना पहिलाच दिसला. शूगेझ हा शब्द मी ठेवला; तो आता त्यांचा झाला आहे. पुढची ओळ खोडून नवी लिहिली : 'खाली मान घालून वाजवलेलं संगीत. शब्द आहेत, जवळ जाऊन ऐकावे लागतात.'