कॅप्टन ग्रेग आणि पळवणकर बाळू

क्रिकेटच्या इतिहासात धावा आणि बळी यांचे आकडे टिकून राहतात. ते कोणाच्या घामावर उभे राहिले, हे मात्र बहुधा विस्मरणात जाते. हॅम्पशायर परगण्याकडून खेळलेल्या जॉन ग्लेनी ग्रेग या हौशी इंग्रज खेळाडूचे नाव आज आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. तथापि त्याचे चरित्र महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाशी असे निगडित आहे की, मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्याची नोंद करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ग्रेगचा जन्म १८७१ साली महू येथे झाला. पुढे लष्करी अधिकारी म्हणून तो पुण्यात होता. हौशी खेळाडू म्हणजे खेळासाठी वेतन न घेणारा. अर्थात ज्यास तेवढी सवड व ऐपत होती असा. १९०१ साली लिव्हरपूल येथे लँकेशायरविरुद्ध त्याने नाबाद २४९ धावा केल्या.

त्याच्या फलंदाजीस पुण्यात धार मिळाली ती एका चर्मकार तरुणाच्या चेंडूंवर. १८९० च्या दशकात पळवणकर बाळू युरोपियनांच्या जिमखान्यात दरमहा चार रुपयांवर मैदानाची निगा राखीत असे. ग्रेग त्यास तासन् तास गोलंदाजी करावयास लावी. बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. बाळूच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान!

पुण्याच्या हिंदू संघाने बाळूस घेतले, ते त्याच्या डावखुऱ्या फिरकीची गरज म्हणून. मैदानावर त्याने हाताळलेला चेंडू सर्वांस चाले. चहा मात्र त्यास बाहेर, मातीच्या वेगळ्या पात्रात मिळे. हे लिहिताना आमची मान खाली जाते. साहेबाने बॅट नाकारली, तर स्वकीयांनी पंगत नाकारली.

तरीही १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांस हरविले, त्यात बाळू व त्याचा बंधू शिवराम यांचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूने शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्यास रीतसर कधीच लाभले नाही. तो मान १९२३ साली धाकट्या विठ्ठलास मिळाला. १९३७ च्या मुंबई विधिमंडळ निवडणुकीत बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभा राहून पराभूत झाला. बाबासाहेबांचेही जन्मस्थान महूच, हा योगायोग विलक्षण होय.

ग्रेग उत्तरायुष्यात कॅथॉलिक धर्मगुरू झाला व १९५८ साली निवर्तला. बाळू १९५५ साली.

फरीदाबाद ही कारखान्यांची, श्रमिकांची नगरी. येथे मंडळाची पन्नास वर्षे उभी राहिली, ती व्यासपीठावरील मानकऱ्यांइतकीच सतरंज्या घालणाऱ्या हातांवर. त्या हातांची नावेही आपल्या इतिहासात यावीत, एवढीच आमची प्रार्थना.