गामाच्या घरातला दुसरा पैलवान

वाशीमहून पुसदकडे जाताना लागणाऱ्या अनसिंगात काय किंवा वऱ्हाडातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, छाती काढून चालणाऱ्या पोराला ‘मोठा गामा लागून गेलास का?’ असे विचारले, तर त्याचा अर्थ कुणाला फोड करून सांगावा लागत नाही. दतिया संस्थानाच्या आश्रयाने वाढलेला, पुढे पतियाळा दरबारी गेलेला आणि 1960 साली लाहोरात वारलेला हा पैलवान मराठी बोलण्यात सामान्यनाम होऊन बसला आहे. त्याचा सख्खा धाकटा भाऊ इमामबक्ष हाही पैलवानच, आणि तोही पहिल्या फळीतला. पण ‘मोठा इमामबक्ष लागून गेलास का?’ असे कुणी कधी म्हटले नाही. मराठी मुलखातल्या कुस्तीच्या इतिहासात जागेच्या हिशेबाने पाहिले, तर धाकट्याचे नाव थोरल्याच्या आधी यायला हवे होते. ते आले नाही, याचे कारण मला त्याच्या ताकदीत सापडत नाही. आखाड्याची रीत आणि आपली आठवण ठेवण्याची पद्धत, या दोन्हींनी मिळून त्याला मागे ढकलले असे माझे म्हणणे आहे.

पुरावा कोल्हापुरातून सुरू होतो. राजर्षी शाहू महाराज 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे जुने क्रीडागार पाहिले आणि तशा धर्तीचे कुस्तीचे मैदान आपल्या राजधानीत बांधायचे ठरवले. मध्ये खोल हौद, भोवती चढत गेलेली बसण्याची जागा, आणि हजारो माणसांपैकी कुणाच्याही नजरेआड कुस्ती जाऊ नये अशी रचना, असे हे खासबाग मैदान 1912 साली खुले झाले. उद्घाटनाची कुस्ती झाली ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात, आणि ती इमामबक्षाने मारली. देशातल्या उत्तमोत्तम मल्लांना आश्रय देणाऱ्या राजाने आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या मैदानाची पहिली जोड ठरवताना हे नाव निवडले. शाहू महाराज स्वतः कुस्ती जाणणारे होते, माणसाची मान, कंबर आणि दम पारखणारे होते. मोठ्या भावाच्या पुण्याईवर चालणारा पैलवान त्यांनी त्या दिवशी हौदात उतरवला नसता.

त्याआधीची दोन वर्षेही पाहायला हवीत. 1910 साली हे दोघे भाऊ एकत्रच लंडनला गेले होते. तिथल्या कुस्तीशौकिनांना गामाच्या उंचीवरून त्याच्याविषयी शंका होती. इमामबक्ष उंच, लांब हातापायांचा, पाहताक्षणी पैलवान वाटावा असा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला अल्हाम्ब्रा नाट्यगृहात लागोपाठ दोनदा चीत केले, आणि दोन्ही वेळचा काळ मिळूनही काही मिनिटांपलीकडे गेला नाही. त्यानंतर अवघ्या काही दिवसांनी, 10 सप्टेंबरला, गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती झाली. ती सुमारे अडीच तास चालली, झिबिस्को बहुतेक वेळ जमिनीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात ठरलेल्या दिवशी तो आलाच नाही, म्हणून विजय गामाला मिळाला. कुस्तीतल्या जाणकाराला विचाराल, तर निकाली कुस्ती धाकट्याची होती. पण पट्टा थोरल्याच्या कमरेला बांधला गेला आणि इतिहासात तीच तारीख राहिली.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: गामा खरोखरच श्रेष्ठ होता, मग त्याचे नाव मोठे झाले यात गैर काय? श्रेष्ठ होता, हे मान्य. 1928 साली पतियाळात त्याच झिबिस्कोला त्याने एका मिनिटाच्या आत पाठ टेकायला लावली, तेव्हा तो पन्नाशीच्या घरात होता. त्या पराक्रमापुढे वाद घालण्यात अर्थ नाही. पण एक जण पहिला होता, एवढ्याने दुसऱ्याचे विसरले जाणे सिद्ध होत नाही. त्यासाठी आखाड्याची रीत समजून घ्यावी लागते. वस्तादाला आव्हान द्यायचे तर आधी त्याच्या पठ्ठ्याशी लढावे लागते, हा नियम तालमीत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. घराण्याच्या आखाड्यात हा पठ्ठा म्हणजे बहुतेकदा धाकटा भाऊ. लंडनहून परतल्यावर गामाने अलाहाबादेत रहीमबक्ष सुलतानीवाल्याला हरवले, आणि त्यानंतर त्याच्या मोठ्या कुस्त्या मोजक्याच झाल्या. त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट इमामबक्षावरून जात होती. त्या सुलतानीवाल्याशी पुढे इमामबक्षही लढला आणि त्यानेही त्याला हरवले. म्हणजे किताब थोरल्याने मिळवला आणि तो राखण्याचे रोजचे कष्ट धाकट्याने उपसले. दरवाजा राखणाऱ्याची प्रत्येक जीत घराच्या नावावर जमा होते, आणि घराला नाव एकच असते. माझ्या मते त्याच्या विस्मरणाचे मूळ इथे आहे. तो हरत गेला असता तर गामाला वारंवार मैदानात उतरावे लागले असते, आणि मग कदाचित दोघांच्याही कुस्त्या मोजल्या गेल्या असत्या.

दुसरा आक्षेप फाळणीचा. ही मंडळी पाकिस्तानात गेली, मग मराठी माणसाने त्यांना विसरणे साहजिकच, असे म्हणता येईल. पण गामाही तिकडेच गेला होता, आणि त्याचे नाव आपल्या बोलण्यातून हलले नाही. सीमेने एकाच घरातल्या दोघांपैकी एकालाच पुसले, असे होऊ शकत नाही. उलट पाकिस्तानातली गोष्ट माझ्या म्हणण्याला बळच देते. गामाच्या पश्चात त्या घराण्याची कुस्ती चालवली ती इमामबक्षाच्या मुलांनी: भोलू, अस्लम, अक्रम, आझम, गोगा. 1976 साली कराचीत जपानच्या अँटोनियो इनोकीशी लढून हरलेला अक्रम हा त्यांतलाच. या सगळ्यांची ओळख जगभर करून दिली जाते ती ‘गामाचे पुतणे’ म्हणून. बाप स्वतः नामांकित मल्ल असताना पाच मुलांना काकाच्या नावाने ओळखले जावे, यापेक्षा दाट सावली कुठली असू शकेल?

मुष्टियुद्धाच्या जगातही हेच दिसते, फक्त तिथे नोंदी कागदावर राहिल्या आहेत म्हणून सावलीची कडा स्पष्ट दिसते. 25 फेब्रुवारी 1964 रोजी मायामीत कॅशियस क्लेने सॉनी लिस्टनला हरवून जगज्जेतेपद मिळवले. त्याच रात्री त्याच ठिकाणी त्याचा धाकटा भाऊ रुडॉल्फ, पुढचा रहमान अली, आयुष्यातली पहिली व्यावसायिक लढत खेळला आणि जिंकला. एकूण अठरा लढतींपैकी चौदा त्याने जिंकल्या, आणि वर्षानुवर्षे तो भावाच्या सरावात समोर उभा राहून ठोसे खात राहिला. लिऑन आणि मायकेल स्पिंक्स या भावांनी 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये दोघांनीही सुवर्णपदके आणली. 1978 साली लिऑनने खुद्द अलीला, म्हणजे पूर्वीच्या कॅशियस क्लेला, हरवले, पण सात महिन्यांत किताब गमावला. मायकेलची कारकीर्द मात्र चढत गेली. इथे झाकोळला गेला तो थोरला. म्हणजे वय हे कारण नव्हे. घरातून बाहेर एकच नाव पाठवण्याची जगाची सवय हे कारण आहे, आणि ज्याच्याकडे किताब जास्त दिवस टिकतो त्याचे नाव बाहेर जाते.

ही सवय अटळ आहे का? वऱ्हाडातच याचे उत्तर आहे. अमरावतीत 1914 साली अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची उभारणी केली. या मंडळाच्या खेळाडूंनी 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. तिथल्या इतिहासात ‘वैद्य बंधू’ असाच उल्लेख होतो. कोण मोठा, कोण छोटा, हा प्रश्न मागे पडतो. कारण तिथे दोघांनी मिळून संस्था उभारली होती आणि संस्थेत अनेकांची नावे मावतात. पट्टा एकाच्याच कमरेला बसतो. इमामबक्षाच्या वाट्याला अशी संस्था आली नाही. त्याच्यामागे मराठी मुलखात राहिले ते एक मैदान. त्याला नाव त्याचे नाही, तसे ते असण्याचे कारणही नाही. पण खासबागेच्या हौदातल्या तांबड्या मातीला उद्घाटनाच्या कुस्तीत पाठ लागली, ती त्याच्या हातून.