कॅबरे : निवेदकाचे मौन

मराठीत ‘कॅबरे’ हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर येते ते हिंदी चित्रपटांतील, हेलनने लोकप्रिय केलेले क्लबमधले नृत्य. ज्या युरोपीय रंगप्रकाराचे हे नाव, त्याच्या केंद्रस्थानी मात्र शब्द होता. हा अर्थसंकोच समजून घ्यायचा तर त्या प्रकाराच्या इतिहासाकडे वळावे लागते.

1881 मध्ये रोडोल्फ सालिसने पॅरिसच्या मोंमार्त्र वस्तीत ‘ल शा न्वार’ ही मद्यशाला उघडली. कवी आणि गायक तेथे आपल्या रचना स्वतः सादर करीत आणि त्यांचा परिचय करून देताना सालिस समोर बसलेल्या प्रतिष्ठितांचीच थट्टा करी. छोटे दालन, टेबलांभोवती बसलेले प्रेक्षक, सुटे प्रवेश आणि त्यांना जोडणारे निवेदकाचे बोलणे, अशी ही रचना. रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यातील अदृश्य भिंत येथे मुळातच नव्हती. 1901 मध्ये अर्न्स्ट फोन वोल्त्सोगेनने बर्लिनमध्ये ‘यूबरब्रेटल’ सुरू केले आणि हा प्रकार जर्मनीत रुजू लागला. पण कैसरच्या राजवटीत संहिता आधी पोलिसांकडून तपासून घ्यावी लागे. 1918 मध्ये हे पूर्वनियंत्रण उठले आणि राजकीय उपरोधाला वाव मिळाला.

त्यानंतरच्या बर्लिन कॅबरेला क्रांतिकारक ठरविण्याचा मोह समीक्षकाला होतो. तो तपासून पाहायला हवा. सालिसच्या काळी थट्टेचे लक्ष्य समोर बसलेले असे. आता ते बहुधा सभागृहाबाहेर होते. तिकीट काढून हसायला येणारा प्रेक्षक पुष्कळदा आधीच सहमत असतो. अशा हास्यातून धैर्य मिळते, तसेच समाधानही मिळते. आणि समाधान कृतीला पोषक असतेच असे नाही.

तरीही सत्तेने या हास्याची दखल घेतली. 1929 मध्ये सुरू झालेल्या ‘काटाकोम्बे’चा निवेदक वेर्नर फिंक वाक्ये अर्धवट सोडी, उरलेला अर्थ प्रेक्षक मनात पुरा करीत. 1933 नंतर हीच लकब काही काळ त्याची ढाल ठरली, कारण न उच्चारलेल्या शब्दाचा पुरावा देणे कठीण असते. 1935 मध्ये ‘काटाकोम्बे’ बंद करण्यात आले आणि फिंकची रवानगी एस्टरवेगेनच्या छळछावणीत झाली. 1941 मध्ये गोबेल्सने निवेदनाच्या प्रथेवरच बंदी घातली. नृत्याचे कार्यक्रम मात्र चालू राहिले. राजवटीला अडचण होती ती वाक्याची.

नेदरलँड्समधील वेस्टरबोर्क छावणीत माक्स एर्लिश आणि विली रोझेन हे ज्यू कलावंत बंदिवानांसमोर कॅबरेचे प्रयोग करीत. 1944 मध्ये दोघांनाही आउश्वित्झला पाठविण्यात आले आणि तेथे त्यांची हत्या झाली. विनोदाने गाड्या थांबत नाहीत, हे या इतिहासाचे कठोर उत्तर आहे.

उपरोध सत्ता उलथू शकत नाही, पण निवेदकाला गप्प करून उरलेला करमणुकीचा कार्यक्रम तीच सत्ता सुखाने चालू ठेवू शकते. मराठीत ‘कॅबरे’ या नावाने जे पोहोचले, ते या उरलेल्या भागाच्याच जवळचे. त्यातला शब्द वेगळ्या वाटेने आला : कॅबरेच्या गाण्यांचे संस्कार असलेले ब्रेख्तचे 1928 मधील नाटक पु. ल. देशपांडे यांनी 1978 मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून मराठीत आणले. त्यासाठी त्यांना तमाशाच जवळचा वाटला, हे अर्थपूर्ण आहे. सोंगाड्याच्या बतावणीत निवेदकाचे ते बोलणे येथे आधीपासूनच नांदत होते.