गेम जॅमसाठी छोटा पझल गेम कसा बनवायचा? कापरेकरांच्या ६१७४ वरून समजून घेऊ

गेम जॅम म्हणजे ठरलेल्या वेळात, दिलेल्या थीमवर एक गेम बनवून पूर्ण करायचा. थीम सुरुवातीलाच जाहीर होते, त्यामुळे आधीपासून सगळं तयार ठेवून बसता येत नाही. लुडम डेअर हा ऑनलाइन जॅम २००२ पासून आणि ग्लोबल गेम जॅम २००९ पासून चालू आहे. अशा जॅमचा नेहमीचा अवधी म्हणजे एक वीकएंड, ४८ तास.

एवढ्या वेळात काय होऊ शकतं याचा अंदाज आधी घ्या. पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० साली आला, तो एका टीमच्या काही वर्षांच्या मेहनतीनंतर. जॅममध्ये त्याच्या वाटेला जाऊ नका. याउलट '२०४८' हा गेम गॅब्रिएले चिरुल्लीने २०१४ मध्ये एका वीकएंडला बनवला. 'बाबा इज यू' ची पहिली आवृत्ती २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममधली, पूर्ण गेम २०१९ चा. दोन्ही पझल गेम आणि दोन्हींच्या मुळाशी एकच नियम आहे. ग्राफिक्स साधे असले तरी चालतात, नियम मात्र दमदार लागतो.

नियम म्हणजे गेम नव्हे

समजा थीम आली: 'शेवट एकच'. मराठी माणसाला इथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आठवायला हरकत नाही. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले, नंतर देवळालीला शाळेत शिक्षक. त्यांनी १९४९ मध्ये मांडलेली गंमत अशी: कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि वजाबाकी करा. उत्तरावर परत तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोहोचता आणि तिथेच अडकता.

३५२४ घेऊन बघा. ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. तीन पायऱ्या.

नियम भारी आहे, पण हा गेम झाला का? नाही. यात खेळणाऱ्याला काही ठरवायचंच नाहीये, तो नुसता कॅल्क्युलेटर झालाय. जॅममध्ये बऱ्याच कल्पना इथेच मार खातात: बघायला मजा येते, खेळायला काही नसतं. म्हणून प्रश्न उलटा करा. चार रिकामी घरं द्या आणि सांगा, 'अशी संख्या भर जी बरोबर एका पायरीत ६१७४ ला पोहोचेल.' आता विचार करावा लागतो!

आणि विचार केला की खाली काहीतरी सापडतं. अंक मोठ्यापासून लहानापर्यंत अ, ब, क, ड मानले तर वजाबाकीचं उत्तर नेहमी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) येतं. म्हणजे चार अंक महत्त्वाचेच नाहीत, फक्त दोन फरक महत्त्वाचे आहेत. बाहेरचा फरक ६ आणि आतला २ असला की एका पायरीत काम फत्ते. हे गेममध्ये कुठेही लिहू नका. एका लेव्हलला ७ आणि १ लॉक करून द्या (७५३१ चालतं), पुढच्या लेव्हलला ९ आणि ३ (९७५३ चालतं). दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलला खेळणाऱ्याच्या डोक्यात आपोआप ट्यूब पेटते. पझल गेम खेळायचा तो या क्षणासाठी.

लेव्हल कोणती सोपी, हे कोडला विचारा

आपल्याला वाटतं एक पायरी सोपी, सात अवघड. सगळ्या संख्या तपासणारा दहा-पंधरा ओळींचा प्रोग्राम लिहा, डोळ्यांची पापणी लवेपर्यंत उत्तर येतं. ०००० ते ९९९९ मधून सारख्या अंकांच्या दहा संख्या काढल्या तर ९,९९० उरतात. त्यातल्या एका पायरीत पोहोचणाऱ्या फक्त ३८३, दोन पायऱ्यांत ५७६, पण तीन पायऱ्यांत २,४०० आणि सात पायऱ्यांत तब्बल २,१८४. म्हणजे 'सात' ही लेव्हल तुक्क्याने पाच-सहा प्रयत्नांत सुटू शकते, 'एक' मात्र तुक्क्याने सुटणं कठीण. त्यामुळे 'एक' ला लॉक केलेले अंक देऊन मदत करा, आणि 'सात' ला प्रयत्न मोजकेच ठेवा. शनिवारी रात्री चकाचक ॲनिमेशन करण्यापेक्षा हा तास कधीही जास्त कामाचा.

एक जागा जपून. १००० वर पहिली पायरी केली की ०९९९ येतं. कोडमध्ये ही संख्या नुसती ९९९ होते आणि पुढचा सगळा हिशोब चुकतो. जावास्क्रिप्टमध्ये पॅडस्टार्ट, गोडॉटमध्ये पॅड झीरोज वापरून पुढचं शून्य परत लावा. ११११ सारखी संख्या भरली तर उत्तर शून्य येतं, तेव्हा ती आधीच अडवा.

मराठीत दाखवायचं असेल तर

गोडॉट फुकट आणि ओपन सोर्स आहे, त्याचा एडिटर अँड्रॉइडवरही चालतो. पण मराठीसाठी ४ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या. ३ मध्ये जोडाक्षरं तुटतात, 'कि' ची वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. वेबसाठी एक्स्पोर्ट करताना फोनमधला फॉन्ट मिळत नाही, म्हणून मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी प्रोजेक्टमध्येच टाका, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतील. साधं एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट वापरलंत तर ब्राउझर जोडाक्षरं नीट सांभाळतो. आपल्या या गेमला तर जवळपास अंकच लागतात, आणि ० ते ९ ला जोडाक्षरांची भानगडच नाही. फॉन्टमध्ये देवनागरी अंक असले की बास.

रविवारी सकाळनंतर नवीन काही घालू नका. फोन घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या आणि गप्प बसा, अजिबात समजावू नका. समोरची व्यक्ती कुठे अडते, बोट कुठे आपटते ते लिहून घ्या. कोडं अवघड म्हणून अडली तर ठीक, बटण कळलं नाही म्हणून अडली तर ते आधी दुरुस्त करा. दहा अर्धवट लेव्हलपेक्षा सहा नीट लेव्हल पुरतात.

अपलोडसाठी शेवटचे दोन तास राखून ठेवा. इच डॉट आयओवर वेब गेम टाकताना झिपच्या आत, कुठल्याही फोल्डरमध्ये न लपवता, इंडेक्स डॉट एचटीएमएल नावाची फाइल लागते. मग वायफाय बंद करून, दुसऱ्याच कुणाच्या फोनवर, मोबाइल डेटावर ती लिंक उघडून बघा.